‘कीबोर्ड गेला’ म्हणण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात लॅपटॉपचा कीबोर्ड, टचपॅड आणि माउस यांच्याबद्दलची पत्रं इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखं आहे : ‘दुकानदार म्हणतात, पार्ट बदलावा लागेल.’ कधी कधी ते खरंही असतं. पण बिघाड बटणांत आहे, विंडोजमध्ये आहे, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आहे की बॅटरीत, हे बहुतेक वेळा घरबसल्या कळतं. ते कळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.

प्रश्न : लॅपटॉप चार वर्षांचा आहे. परवापासून ‘क्यू’, ‘ए’, ‘झेड’ आणि ‘१’ ही बटणं एकदम बंद पडली, बाकी सगळी चालतात. दुकानात पूर्ण कीबोर्ड बदलायला सांगितलं आहे. चार बटणांसाठी पूर्ण कीबोर्ड? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : आधी विंडोजला बाजूला सारून बघा. स्टार्ट मेनूतलं पॉवरचं चिन्ह उघडा, शिफ्ट दाबून ठेवा आणि ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. निळ्या रंगाचा मेनू येईल. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. सापडली नाही तर ‘स्किप धिस ड्राइव्ह’ निवडा, अक्षरं तपासायला ती लागत नाही. काळी खिडकी उघडली की सगळी बटणं एकेक करून दाबा. तुमच्या रोजच्या विंडोजमधले ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम), भाषा, सेटिंग्ज यांतलं काहीही इथे चालू नसतं. त्यामुळे इथेही अक्षर उमटलं नाही तर दोष यंत्रात आहे. इथे उमटतं आणि एरवी उमटत नाही, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कीबोर्ड बदलून काहीही साधणार नाही. एचपीच्या लॅपटॉपवर चालू करताना एफ-२ आणि डेलवर एफ-१२ दाबून कंपनीची स्वतःची तपासणीही चालवता येते.

तुमच्या बाबतीत मात्र दुकानदारांचं म्हणणं बरोबर निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि कारण तुम्ही दिलेल्या यादीतच आहे. कीबोर्डमधल्या प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. आत पातळ प्लास्टिकचे एकावर एक तीन थर असतात, वरच्या आणि खालच्या थरावर चांदीयुक्त शाईने छापलेल्या रेघा असतात आणि मधल्या थराला भोकं असतात. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. काही आडव्या, काही उभ्या रेघा मिळून जाळी होते, आणि एकेका रेघेवर बरीच बटणं लटकलेली असतात. एक रेघ तुटली किंवा गंजली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. शेजारशेजारची चार बटणं एकाच दिवशी बंद पडली की बिघाड जवळजवळ नेहमी रेघेचा असतो, नाहीतर कीबोर्डपासून मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत, जाणाऱ्या चपट्या वायरीचा, म्हणजे रिबनचा. याउलट एकच बटण अडलं असेल तर खाली कचरा आहे, रबराची टोपी फाटली आहे किंवा कात्रीसारखा प्लास्टिकचा सांगाडा निसटला आहे. त्यासाठी कीबोर्ड बदलायची गरज नसते.

म्हणून दुकानात इतकंच सांगा : आधी रिबन काढून, तिची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा नीट बसवून बघा. रिबन तिरकी बसली किंवा तिच्या सॉकेटची पट्टी पूर्ण बंद झाली नाही, तरी हीच लक्षणं दिसतात. त्याने जमलं नाही तर मात्र कीबोर्ड बदला, तुटलेली रेघ जोडण्याचा खटाटोप टिकत नाही.

बदलण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. कीबोर्ड स्क्रूने बसवलेला आहे की प्लास्टिकची टोकं वितळवून कायमचा जोडलेला आहे? हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा दुसरा प्रकार असतो. अशा वेळी वरचं पूर्ण आवरण, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘सी पॅनल’, कीबोर्डसकट बदलणं महाग पण टिकाऊ. नुसता कीबोर्ड बदलायचा तर ती टोकं कापून नंतर पुन्हा चिकटवावी लागतात. काम सफाईने झालं नाही तर टाइप करताना मधला भाग दबतो. तुमच्या बटणांखाली दिवा असेल तर तेही आधीच सांगा. दिव्यासाठी वेगळी रिबन असते, आणि बिनदिव्याचा कीबोर्ड बसवून दिल्याचं घरी आल्यावर अंधारातच लक्षात येतं.

प्रश्न : ‘यू’ दाबलं की ४ येतो, ‘आय’ला ५, ‘के’ला २. पासवर्डच टाकता येत नाही. (शिक्षक, सिन्नर)

उत्तर : तुमचा कीबोर्ड ठणठणीत आहे. उजवीकडे वेगळे आकडे नसलेल्या काही लॅपटॉपमध्ये नम लॉक चालू झालं की ‘यू-आय-ओ’ला ४-५-६, ‘जे-के-एल’ला १-२-३ आणि ‘एम’ला ० येतो. एफएन धरून ‘नम-एल-के’ लिहिलेलं बटण दाबा. तसं बटणच दिसत नसेल तर लॉग-इनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असतं, त्यातून ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ उघडा. त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘टर्न ऑन न्यूमेरिक की पॅड’वर खूण करा, मग पडद्यावर नम लॉकचं बटण दिसेल. ते बंद करा.

याच्या जवळचा आणखी एक प्रकार बऱ्याच जणांनी कळवला आहे : बटण क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षरच उमटत नाही. उजवीकडचं शिफ्ट ८ सेकंद दाबलेलं राहिलं की विंडोज ‘फिल्टर कीज’ चालू करू का म्हणून विचारतं, आणि आपण न वाचता होकार देतो. हात थरथरणाऱ्या लोकांसाठी ही मोलाची सोय आहे, इतरांना मात्र कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘कीबोर्ड’ उघडा आणि ‘फिल्टर कीज’ बंद करा. तिथेच तिचा शॉर्टकटही बंद करून टाका. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबल्यावर येणाऱ्या ‘स्टिकी कीज’चंही तसंच करा.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतला. टॅलीमध्ये पेमेंट व्हाउचरसाठी एफ-५ दाबतो तर पडद्याचा उजेड कमी होतो, एफ-८ला आवाज बदलतो. दर वेळी एफएन धरावं लागतं. दिवसाला दीड-दोनशे नोंदी असतात, बोटं दुखतात. (लेखापाल, इचलकरंजी)

उत्तर : वरच्या ओळीतल्या बटणांना दोन कामं असतात आणि कंपन्या हल्ली उजेड-आवाजाला पहिला मान देतात. टॅलीवर काम करणाऱ्याला एफ-४ ते एफ-९ म्हणजे काँट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, पर्चेस, सगळा दिवस त्याच सहा बटणांवर जातो. एक्सेलमधल्या एफ-२ आणि एफ-४चंही तेच.

आधी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. अनेक लॅपटॉपवर एस्केपच्या बटणावर कुलूप किंवा ‘एफएन’ असं छोटं चिन्ह असतं, तिथे एवढ्यानेच अदलाबदल होते. नसेल तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये जा. एचपीवर चालू करताना एफ-१० दाबून ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधलं ‘ॲक्शन कीज मोड’ बंद करा. लेनोवोच्या घरगुती मॉडेलांत बायॉसमध्ये ‘हॉटकी मोड’ असतं, तेही बंद करायचं. डेल आणि एसरमध्ये ‘फंक्शन की बिहेविअर’ अशा नावाचा पर्याय बघा. बदल केल्यावर ‘सेव्ह अँड एक्झिट’ विसरू नका आणि तिथलं दुसरं काही बदलू नका.

प्रश्न : ईमेलमध्ये ‘ॲट’चं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह येतं, आणि अवतरणचिन्हाच्या जागी ‘ॲट’. चारच्या बटणावर ₹ छापलं आहे, पण ते कधीच उमटत नाही. शिवाय मराठी टाइप करताना ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य येत नाही, ‘दुसर्या’ असं काहीतरी दिसतं. (अनुवादक, इंदूर)

उत्तर : पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एक आहे. बटणांवर छापलेलं एक आणि विंडोजने समजून घेतलेलं दुसरं. ‘ॲट’ आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल ही ब्रिटिश मांडणीची खूण आहे. शिफ्ट धरून ३ दाबा. पौंडाचं चिन्ह आलं तर खात्रीच झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपची बटणं अमेरिकन मांडणीची असतात, फक्त चारवर रुपया छापलेला असतो. हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं.

‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’ असं जा. ‘इंग्लिश (इंडिया)’ ही भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘इंग्लिश (इंडिया)’ हाच कीबोर्ड ठेवा. ब्रिटिश मांडणी तिथूनच काढून टाका. आता उजवीकडचं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटेल. अमेरिकन मांडणीत हे होत नाही, बटणावर काहीही छापलेलं असो. भाषा आपोआप बदलते असं वाटत असेल तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट तुमच्याकडून चुकून एकत्र दाबलं जात असावं. ‘टायपिंग’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ आहे, तिथे तो शॉर्टकट ‘नॉट असाइन्ड’ करा. मुद्दाम भाषा बदलायला विंडोज-की आणि स्पेसबार पुरेसं आहे.

आता ऱ्य. हा प्रश्न आला याचा आनंद आहे, कारण छापील मजकुरातसुद्धा ‘शेतकर्यांना’ आणि ‘वार्यावर’ सर्रास दिसतं आणि दोष संगणकावर ढकलला जातो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत साधा र, हलन्त आणि य टाइप केला की ‘आचार्य’ मधला रफार येतो, आणि ते बरोबरच आहे. ‘दुसऱ्या’साठी खाली टिंब असलेला ऱ लागतो. शिफ्ट धरून ‘जे’ दाबा म्हणजे ऱ येईल, मग ‘डी’ म्हणजे हलन्त, मग तिरप्या रेघेचं बटण म्हणजे य. तिन्ही मिळून ऱ्य तयार होतो. याच रीतीने ‘कऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’. क्ष शिफ्ट आणि ७ने येतो, ज्ञ शिफ्ट आणि ५ने. इन्स्क्रिप्ट हाताला बसलेली नसेल तर २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकून घेतलं, तेव्हापासून टचपॅड मेलाय. सेटिंग्जमध्ये ‘टचपॅड’ हे पानच दिसत नाही. (छोटा व्यावसायिक, चिपळूण)

उत्तर : पान दिसत नाही ही महत्त्वाची खूण आहे. टचपॅड नुसता बंद असता तर पान दिसलं असतं आणि त्यातला खटका बंद दिसला असता. तो खटका चालू करायला किंवा वरच्या ओळीतलं टचपॅडचं चित्र असलेलं बटण एफएनसह दाबायला एक मिनिटही लागत नाही. तुमच्या विंडोजला टचपॅड आहे हेच ठाऊक नाही.

हल्लीचे टचपॅड ‘आय-टू-सी’ नावाच्या आतल्या दुव्याने जोडलेले असतात. त्या दुव्याचा ड्रायव्हर विंडोजबरोबर आला नाही तर पलीकडचा टचपॅड दिसतच नाही, मग टचपॅडचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका. म्हणून क्रम महत्त्वाचा. यूएसबी माउस जोडा. लॅपटॉपच्या तळाशी असलेला सीरियल नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर घाला आणि तुमच्याच मॉडेलचे ड्रायव्हर घ्या. आधी चिपसेट, मग इंटेल असल्यास ‘सीरियल आयओ’ आणि एएमडी असल्यास त्यांचा ‘आय-टू-सी’ ड्रायव्हर, सर्वांत शेवटी टचपॅडचा. प्रत्येकानंतर रिस्टार्ट. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन करताना विंडोज स्वतःची अर्धी स्थिती जपून ठेवतं आणि जुनाच घोळ परत येतो.

कंपनीच्या पानाशी झगडायचं नसेल तर ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. हे ड्रायव्हर पुष्कळदा तिथेच वाट बघत असतात. एसरच्या अनेक मॉडेलांत बायॉसमध्ये टचपॅडसाठी ‘बेसिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. ‘बेसिक’वर टचपॅड जुन्या पद्धतीने, नुसत्या माउससारखा चालतो. ड्रायव्हर मिळेपर्यंत तो कामाचा. दोन-तीन बोटांच्या खुणांसाठी मात्र ‘ॲडव्हान्स्ड’ लागतं.

‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये आय-टू-सी उपकरणावर पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसत असेल तर गोष्ट वेगळी. टचपॅडमधली चिप स्वतःच अडकून बसलेली असू शकते, आणि बॅटरी जोडलेली असल्यामुळे लॅपटॉप बंद केला तरी तिला वीज मिळत राहते. लॅपटॉप बंद करा, ॲडॉप्टर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. काही लेनोवो आणि एसर लॅपटॉपच्या तळाशी पिनेएवढं भोक असतं. त्यात कागदाची क्लिप हलकेच दाबली की बॅटरी क्षणभर तुटते आणि हेच काम जास्त नीट होतं.

प्रश्न : चार्जिंगला लावलं की कर्सर उड्या मारतो, आपोआप क्लिक होतं. चार्जर काढला की सगळं सुरळीत. धातूच्या कडेला मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतं. टचपॅड बदलून झाला, फरक नाही. (गृहिणी, घरून काम, मिरज)

उत्तर : टचपॅड नका बदलू, घरातलं अर्थिंग तपासून घ्या. यात लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांचा प्रश्न मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

टचपॅडखाली सूक्ष्म तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतभारात होणारा अगदी बारीक बदल ती मोजते. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरमध्ये विजेचा गोंगाट जमिनीकडे वळवण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेला खरंच अर्थिंग मिळत असेल तर तो गोंगाट तिकडून निघून जातो. मिळत नसेल तर लॅपटॉपचा धातूचा भाग अधांतरी राहतो. मल्टिमीटर लावला तर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब तिथे दिसू शकतो. करंट मिलिअँपिअरच्या अंशाइतकाच असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. तोच गोंगाट तुमच्या शरीरातून टचपॅडवर पोचतो आणि त्याला तो बोटांसारखा वाटतो.

खात्री करायला दोन चाचण्या. बॅटरीवर लॅपटॉप व्यवस्थित चालतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. आता तोच लॅपटॉप, तोच ॲडॉप्टर, पण चांगलं अर्थिंग असलेल्या दुसऱ्या इमारतीत, एखाद्या कार्यालयात लावून बघा. तिथे कर्सर शहाण्यासारखा वागला तर दोष घरच्या वायरिंगचा. तिथेही नाचला तर ॲडॉप्टरचा. मूळ ॲडॉप्टर गेल्यावर स्वस्तातला घेतला असेल तर त्यात गोंगाट गाळणारा भाग कमी प्रतीचा असतो किंवा नसतोच. ॲडॉप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा ८ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

घरी आधी सोप्या जागा बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातला आहे का? एक्स्टेंशन बोर्डाला तीन भोकं दिसतात, पण त्याच्या वायरीत तिसरी तार आहे का? स्वस्त बोर्डांत ती नसते. हे ठीक असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फक्त दोन-तीन व्होल्ट. पण नुसत्या मीटरवर विसंबू नये. कुजलेली अर्थ-तारसुद्धा मीटरवर बरा आकडा दाखवते, इलेक्ट्रिशियनने फेज-अर्थमध्ये बल्ब लावला की मात्र तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर या बल्बाच्या चाचणीत तो पडणारच, आणि तो पडला ही चांगली खूण. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून केलेला असतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं, त्यात पाणी घालत राहावं लागतं.

एक गोष्ट मुळीच करू देऊ नका. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. मुंग्या थांबतात, कर्सरही थांबतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली की त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट येतात. धुण्याचं यंत्र किंवा फ्रीज तिथे असेल तर माणूस जातो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गीझर आणि धुण्याचं यंत्र जपून वापरा, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

प्रश्न : टचपॅडचं क्लिक घट्ट झालंय, दाबलं तरी दबत नाही. एक कोपरा किंचित वर आल्यासारखा वाटतो. थोडं तेल घालू का? (निवृत्त बँक कर्मचारी, पणजी)

उत्तर : तेल नको, आणि दाबूही नका. लॅपटॉप बंद करा, ॲडॉप्टर काढा आणि सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगतो का? तळ आणि वरचा भाग यांच्यात फट दिसते का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगली आहे असं धरून चला. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी मनगट टेकतो त्या भागाखाली, टचपॅडला लागून असते. लिथियम बॅटरीच्या मऊ पाकिटात रसायन विघटित होऊन वायू साचतो आणि पाकीट टचपॅडला खालून ढकलतं. घट्ट झालेलं क्लिक हे तिचं पहिलं दिसणारं लक्षण असतं.

आता तो चार्ज करायचा नाही, चालवायचा नाही, त्यावर वजन ठेवायचं नाही. फाइली काढून घ्यायच्या म्हणून ‘एकदाच’ चालू करायचाही मोह टाळा. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बाहेर काढली की बहुतेक लॅपटॉप नुसत्या ॲडॉप्टरवर चालतात, तेव्हा फाइली सावकाश घेता येतील. तोवर फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा. धूर किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर माणसांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे, सर्व्हिस सेंटरकडे तसा आग्रह धरा.

नवी बॅटरी बसवल्यावर, लॅपटॉप कायम चार्जिंगलाच असतो असं असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोवोच्या ‘व्हँटेज’मध्ये, आसुसच्या ‘मायआसुस’मध्ये, एचपीच्या आणि डेलच्या बायॉसमध्ये असा पर्याय बऱ्याच मॉडेलांना असतो. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं, यानेच बॅटरी फुगते.

प्रश्न : अर्धा कप चहा कीबोर्डवर सांडला. पुसला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, चालू झाला. आठवड्याने बटणं चिकटायला लागली आणि काही बंद पडली. चालू झाला होता, मग आता काय झालं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : तुम्ही घाबरून न जाता जे सुचलं ते केलंत, पण तांदूळ इथे काही करत नाही. तो आत शिरलेलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा पिठूळ भुगा आत जातो. मुळात पाणी हा खरा शत्रू नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि त्यातून वाहणारी वीज मिळून तांबं गंजवतात, आणि लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असल्याने मदरबोर्डच्या काही भागांत वीज असतेच. म्हणून गंज रोज थोडा थोडा पुढे सरकतो आणि आठवड्याने दिसतो. चहात वर साखर आणि दुधाची साय. पाणी वाळतं, साखर वाळून चिकटते. मीठ घातलेलं ताक आणि शहाळ्याचं पाणी यांत क्षार जास्त असल्याने त्यांनी गंज आणखी वेगाने धरतो.

पुढच्या वेळी, आणि इतर वाचकांसाठी : सांडल्या क्षणी पॉवरचं बटण १० सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. ॲडॉप्टर आणि यूएसबीला जे काही असेल ते काढा. पडदा उघडून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर तंबूसारखा उलटा ठेवा, म्हणजे द्रव आला तसा परत जाईल. हलवू नका, झटकू नका, हेअर ड्रायर लावू नका. गरम हवेने द्रव आणखी आत जातो आणि बटणांचं प्लास्टिक वाकतं. त्याच दिवशी, निदान २४ तासांत, तळ उघडून बॅटरी सोडवून घ्या आणि मदरबोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या. दुकानात काय सांडलं ते खरं सांगा. साधं पाणी म्हणून सांगितलेला गोड चहा नुसता वाळवला जातो, धुतला जात नाही. साध्या वॉरंटीत द्रवाने झालेलं नुकसान बसत नाही, अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतला असेल तरच बसतं.

तुमच्या लॅपटॉपला आता दोन कामं लागतील. मदरबोर्ड उघडून साफ करणं आजही उपयोगाचं आहे, गंज तिथेच थांबतो. कीबोर्ड मात्र बदलावा लागेल. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तीन थरांच्या मध्ये चहा शिरला की तो बाहेर काढता येत नाही. नुसती एक-दोन बटणं चिकटत असती तर लॅपटॉप बंद करून, वरची टोपी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचलून, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसणं पुरलं असतं. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्या टोप्या घरी काढू नका. त्यांच्याखाली तारेची दांडी असते आणि तिचे हूक तुटले की बटण पुन्हा सरळ बसत नाही.

प्रश्न : एक बटण आपोआप दाबल्यासारखं वागतं, सगळीकडे सात-सात-सात उमटत राहतं. बाहेरचा कीबोर्ड लावला तरी थांबत नाही. परीक्षा तोंडावर आहे, दुरुस्तीला द्यायला वेळ नाही. (वाचक, अकोला)

उत्तर : मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘पॉवरटॉइज’ घ्या. त्यातल्या ‘कीबोर्ड मॅनेजर’मध्ये सातचं बटण निवडून त्याला ‘डिसेबल’ द्या. पॉवरटॉइज लॉग-इननंतरच काम करतं, त्यामुळे पासवर्डच्या चौकटीतही सात उमटत असतील तर ‘शार्पकीज’ वापरा. तो बदल विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) लिहिला जातो आणि रिस्टार्टनंतर लॉग-इनच्या पडद्यावरही लागू होतो. एक मेख आहे : बाहेरच्या कीबोर्डवर, वरच्या ओळीतला सातही मग बंद होतो. नंबर पॅडमधला सात संगणकाला वेगळा असतो, तो वापरा.

डिव्हाइस मॅनेजरमधून आतला कीबोर्ड ‘अनइन्स्टॉल’ करण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. रिस्टार्ट केलं की तो परत येतो, त्यात वेळ घालवू नका. आणि कुणी तळ उघडून कीबोर्डची रिबन काढून द्यायला तयार असेल तर आधी बघा, पॉवरचं बटण कीबोर्डच्याच ओळीत आहे का? असेल तर तेही बहुधा त्याच रिबनवर असतं. रिबन काढली की लॅपटॉप चालूच करता येणार नाही.

प्रश्न : वायरलेस माउस मधेच अडखळतो, विशेषतः बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली कॉपी करताना. सेल नवे आहेत. (छायाचित्रकार, अलिबाग)

उत्तर : तुम्हीच कारण सांगितलं आहे. माउसचा छोटा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि हार्ड डिस्क जोडण्याचं वेगवान यूएसबी ३.० चालू असताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतं. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. हार्ड डिस्क आणि रिसीव्हर शेजारी असतील तर माउस अडखळणारच. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये घाला. जागा नसेल तर फूटभराची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर माउसजवळ आणा. वायफायही २.४वर असेल तर ते ५ गिगाहर्ट्‌झवर न्या.

फाइली कॉपी होत नसतानाही माउस थोडा वेळ न वापरल्यावर पहिल्या हालचालीला उशीर लावत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. काचेच्या टेबलावर काम करत असाल तर खाली जाड कागद ठेवून बघा. आणि एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. बटणाखालच्या मायक्रोस्विचमधली पातळ पट्टी झिजलेली असते. सोल्डरिंग येणाऱ्या दुकानात तो स्विच बदलून मिळतो, माउस चांगला असेल तर जरूर बदलून घ्या.